पोदेराच्या भोंग्याला रोज दचकणारा कुत्रा

वाचकांचे प्रश्न : गोठा, अंगण, किनारा
(उत्तरं देणाऱ्या डॉक्टर निवृत्त पशुवैद्यक असून गोव्यात साखळीला राहतात.)

मागच्या अंकात मी जपानमधल्या मिनामाताच्या मांजरांविषयी चार ओळी लिहिल्या होत्या. कारखान्यातला पारा खाडीत गेला, तिथून मासळीत आणि मासळीतून मांजरांत. मांजरं झोकांड्या खात, गोल गोल फिरत, काही समुद्रात पडत. माणसांमधला आजार १९५६ साली अधिकृतपणे नोंदला गेला. पुढे असंही दिसलं की ज्या आयांना स्वतःला फारसा त्रास नव्हता, त्यांच्या पोटची मुलं मेंदूला इजा घेऊन जन्मली. या शेवटच्या वाक्यावरून यावेळी बरीच पत्रं आली. निवडक घेतली आहेत.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी चवथीच्या आधी आम्ही जुन्या घराची दारं-खिडक्या खरवडून रंगवून घेतल्या. घर पोर्तुगीज काळातलं, रंगाचे थरावर थर. त्याच दिवसांत आमच्या कुत्रीनं बाल्कांवातच (पुढच्या ओट्यावरच) पिल्लं घातली. एक पिल्लू आम्ही ठेवलं, एक म्हार्दोळला माझ्या बहिणीकडे गेलं. तिचं अगदी शहाणं आहे. आमचा मात्र दोन वर्षं रोज सकाळी पोदेराचा (पाववाल्याचा) भोंगा ऐकूनही रोज नव्यानं दचकतो, पलंगाखाली जातो. हाक मारली तर येतो, पण काहीही शिकवलं की चार दिवसांत विसरतो. तुमचं वाचल्यापासून वाटतं, त्या रंगाचा तर परिणाम नसेल? कुत्री आता परत गाभण आहे.
एक गृहिणी, फोंडा तालुका

उत्तर : शेवटचं वाक्य तुम्ही सहज लिहिलंत, पण मी तिथूनच सुरू करते, कारण हातात घेण्यासारखं तेवढंच आहे. कुत्रीला त्या बाल्कांवात विऊ देऊ नका. मागच्या दारी, मातीचं अंगण आणि जुना रंग यांपासून लांब, गोणपाट नव्हे तर धुता येईल अशी चादर घालून जागा करा. खिडक्यांच्या खाचांत, फळ्यांच्या फटींत अजून पूड असेल. ती झाडू नका, ओल्या फडक्यानं पुसा आणि फडकं टाकून द्या. झाडली की ती हवेत उडते, परत जमिनीवर बसते आणि पिल्लं जमीन चाटतात.

आता शंकेबद्दल. जुन्या तैलरंगात शिसं असायचं, भरपूर असायचं. घरगुती रंगात शिसं दर दहा लाख भागांत ९० भागांच्या वर असता कामा नये, असा नियम आपल्या देशात २०१६ साली झाला आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. तुमच्या दारांवरचे आतले थर त्याच्या कितीतरी आधीचे. कोरडे खरवडले की पिठासारखी धूळ होते. जुनं घर दुरुस्त होत असताना पिल्लांना शिशाची बाधा होणं हे आमच्या धंद्यात जुनंच दुखणं. तीव्र बाधा झाली तर उलट्या, पोटदुखी, झटके येतात, पिल्लू कारण नसताना किंचाळत भुंकतं. ते कुणाच्याही लक्षात येतं. थोडी थोडी बाधा झाली तर पिल्लू खातं, वाढतं, शेपूट हलवतं, आणि घरचे म्हणतात, हा जरा मंद आहे.

पिल्लालाच का आणि आईला का नाही, हे थोडं सविस्तर सांगते. एक तर लहान जीव आतड्यातून शिसं मोठ्यापेक्षा पुष्कळ जास्त शोषतो. शरीराला ते कॅल्शियमसारखं भासतं आणि वाढत्या हाडांना कॅल्शियमची भूक असते. दुसरं, रक्तातून मेंदूत काय जाऊ द्यायचं हे ठरवणारा पडदा अजून पक्का झालेला नसतो. पण माझ्या मते सगळ्यात मोठं कारण वेळेचं. पिल्लाचे डोळे दहा-चौदा दिवसांनी उघडतात, कान त्याच्या पुढेमागे, आणि तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बाराव्या-चौदाव्यापर्यंत त्याचा मेंदू जगातली ओळखीची यादी करत असतो: हा माणूस, हा आवाज, हे भ्यायचं, हे सोडून द्यायचं. पेशींचे एकमेकींशी जोड याच काळात होतात आणि नको असलेले गळतात. तरव्यात किडलेलं रोप लावणीनंतर हिरवंगार दिसतं, कणसं भरायची वेळ आली की कळतं. शिशाचं तसंच. मोठ्या कुत्र्याच्या तयार मेंदूला जी मात्रा काही दिवस त्रास देऊन सोडते, ती बांधणीच्या काळात पडली तर बांधणीच वेगळी होते.

याचा कुत्र्यांपेक्षा स्वच्छ पुरावा पाखरांत आहे. अमेरिकेत न्यू जर्सीच्या जोआना बर्गर आणि मायकेल गॉकफेल्ड यांनी अनेक वर्षं कुरव पक्ष्यांच्या पिल्लांवर काम केलं. हा समुद्रपक्षी वसाहतीनं घरटी करतो. त्यांनी पिल्लांना अगदी लहानपणी शिशाची मात्रा दिली आणि पुढं ती वागतात कशी हे पाहिलं. आईबापापुढे चोच उघडून मागणं, तोल सांभाळून चालणं, ऊन झालं की सावली शोधणं, सांभाळणाऱ्याला ओळखणं, या सगळ्यांत ती मागे पडली. शिसं कोणत्या वयात दिलं यावरही परिणाम बदलत होता. घरट्यांच्या गर्दीत आईबापाला नीट न ओळखणाऱ्या पिल्लाचं काय होतं, हे वेगळं सांगायला नको. शेजारीण चोच मारून हाकलते, कधी ठारही करते.

तुमच्या कुत्र्याच्या वागण्यात मला महत्त्वाचा वाटला तो भोंगा. घाबरट कुत्री पुष्कळ असतात. पण रोज ठरल्या वेळी येणारा, कधीही काही न करणारा आवाज सोडून द्यायला शिकणं हे शिकण्यातलं सगळ्यात पहिलं पाऊल आहे, गोगलगाईलासुद्धा जमतं. ते दोन वर्षांत जमत नसेल तर कुठेतरी काहीतरी आहे.

मात्र ते शिसंच आहे असं मी लिहून देणार नाही. रंगकाम चालू असताना त्या पिल्लाला कुणी उचललं, खेळवलं का? की गवंडी-रंगाऱ्यांच्या पायांत येऊ नये म्हणून खोक्यात, काळोखात ठेवलं? जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी अमेरिकेत बार हार्बरला कुत्र्यांच्या पाच जातींवर वर्षानुवर्षं काम करून दाखवलं होतं की त्या सुरुवातीच्या आठवड्यांत माणसाचा सहवास मिळाला नाही तर कुत्रं पुढं माणसाला बिचकतंच. म्हार्दोळचं भावंड शहाणं निघालं यावरूनही काही सिद्ध होत नाही. त्याला बाधा कमी झाली असेल, त्याला बहिणीची मुलं खेळायला मिळाली असतील, किंवा ते मुळातच धीट असेल.

आज रक्त तपासलं तर बहुधा काही सापडणार नाही. रक्तातलं शिसं काही आठवड्यांत उतरत जातं, हाडातलं वर्षानुवर्षं राहतं. तपासायचं तर कुत्रीचं तपासा. गाभणपणात आणि दूध पाजताना हाडातलं कॅल्शियम सुटतं, त्याबरोबर साठलेलं शिसंही सुटतं. तिला खाणं पोटभर द्या, लोह आणि कॅल्शियम कमी पडू देऊ नका. ते कमी असलं की शिसं जास्त शोषलं जातं. शिसं उतरवायची औषधं असतात, पण ती डॉक्टरच्या हातची. यूट्यूब पाहून देऊ नयेत. आणि तुमच्या दचकणाऱ्याला ओरडू नका. भोंगा लांबून ऐकू यायला लागला की पावाचा तुकडा त्याच्यासमोर टाका, रोज. हळूहळू शिकेल. हळूहळू म्हणजे फारच हळू, हे धरून चला.

प्रश्न : आमच्या शाळेमागं शेत आहे. जूनमध्ये बांधावर तणनाशक मारलं होतं. नंतर खाचरातली बेडकांची पिल्लं पाहताना आमची सहावीतली एक मुलगी म्हणाली, "बाई, ह्यांच्या शेपट्या रुंद आहेत, ओहळातल्यांच्या तशा नाहीत." मी ते हसण्यावारी नेलं नाही. यात तथ्य असेल का?
एक शिक्षिका, सत्तरी

उत्तर : त्या मुलीला माझ्यातर्फे शाबासकी द्या. असू शकतं.

बेडकाचं पिल्लू पाण्यात शत्रूचा वास ओळखतं. चतुराची अळी किंवा तसला कुणी शिकारी खाचरात असेल तर ते दबून राहतं, कमी हालचाल करतं, आणि काही जातींत त्याची शेपटी जास्त रुंद वाढते, जेणेकरून पकडणाऱ्याच्या तोंडात शेपटीच यावी आणि पळता यावं. अमेरिकेत पिट्सबर्ग विद्यापीठात रिक रेलिया यांनी २०१२ मध्ये दाखवलं की ग्लायफोसेटवालं बाजारी तणनाशक पाण्यात असलं तर शिकारी नसतानाही पिल्लांच्या शेपट्या तशाच वाढतात. म्हणजे नसलेल्या शत्रूची तयारी. त्या तयारीला शरीरातली शिधासामग्री लागते, ती वाढीतून कापली जाते. ग्लायफोसेटपेक्षा त्यात मिसळलेला साबणासारखा पदार्थ बेडकांना जास्त घातक असतो, हेही संशोधनातून पुढं आलं आहे.

पण तुमच्या दोन पाण्यांत दोन वेगळ्या जातींची पिल्लं असायची शक्यता मला जास्त वाटते. आपल्याकडे पहिल्या पावसात किती जातींचे बेडूक एकदम गातात ते तुम्हाला सत्तरीत राहून मी काय सांगू! वाहत्या ओहळातली पिल्लं मुळातच वेगळ्या घडणीची असतात. तेव्हा खाचराची तुलना ओहळाशी करू नका. औषध मारलेलं खाचर आणि न मारलेलं खाचर, दोन्ही उथळ, दोन्ही उन्हातली, अशी जोडी घ्या. मुलांनी काठावर उभं राहून वहीची सावली पाण्यावर टाकावी आणि किती पिल्लं लगेच सटकतात, किती तशीच राहतात ते लिहून ठेवावं. सावली कुणी टाकायची आणि मोजायचं कुणी हे दर वेळी बदला, आणि मोजणाऱ्याला कोणतं खाचर फवारलेलं ते सांगू नका. मुलांना मजाही येईल.

पिल्लं बाटलीत भरून वर्गात आणू नका. मोठा हिरवा बेडूक वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे आणि पिल्लावरून जात ओळखणं सोपं नसतं. (पावसाळ्यात काही घरांत अजून तो शिजतो, हे मला ठाऊक आहे. ते वेगळं प्रकरण.)

कीटकनाशकांचीही अशीच गोष्ट आहे. अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात एडवर्ड लेव्हिन आणि सहकाऱ्यांनी झेब्राफिश नावाच्या बोटभर माशाच्या अंड्यांना पहिल्या पाच दिवसांत क्लोरपायरिफॉसची मात्रा दिली. नंतर स्वच्छ पाणी. काही महिन्यांनी मासे मोठे झाल्यावर कुठल्या बाजूला वळायचं हे शिकवायला घेतलं, तर शिकण्यात कमी पडले. औषध शरीरातून कधीच गेलेलं होतं. तुमच्या मुलांना ही एक गोष्ट जरूर सांगा.

प्रश्न : व्हॉट्सॲपवर आलंय की प्रदूषणामुळे पक्षी समलिंगी होतात, आणि मासे खाल्ल्यानं माणसंही. खरं का?
पणजी

उत्तर : पहिल्या अर्ध्याला एक खरा प्रयोग आहे, दुसऱ्या अर्ध्याला काहीही नाही.

प्रयोग फ्लोरिडा विद्यापीठातल्या पीटर फ्रेडरिक आणि निलमिनी जयसेना यांचा, २०१० साली छापून आलेला. आपल्याकडे खाजन शेतात काळ्या डोक्याचा, वाकड्या चोचीचा शराटी दिसतो ना, त्याच्याच पांढऱ्या अमेरिकी भाऊबंदावर तो झाला. त्यांनी पिल्लं साधारण तीन महिन्यांची झाल्यापासून पुढं तीन वर्षं चार गटांत ठेवली. तीन गटांच्या खाण्यात मिथिल पारा कमी-अधिक, चौथ्यात नाही. पारा मिळालेले नर माद्यांपुढे नाचणं-झुकणं कमी करू लागले, काहींनी नरांशीच जोड्या केल्या, जास्त मात्रेच्या गटात निम्म्याहून अधिक नरांनी. अंडी-पिल्लं घटली. शरीरातल्या संप्रेरकांचं प्रमाणही बदललेलं सापडलं. संशोधकांना काळजी होती ती पिल्लं घटण्याची, कारण फ्लोरिडाच्या पाणथळीत पारा खरोखरच होता.

कोण कुणावर प्रेम करतो हा विषाचा परिणाम असतो, असं त्यातून निघत नाही. समलिंगी जोड्या स्वच्छ पाण्यावरच्या पक्ष्यांतही असतात. ज्यानं तो निरोप पाठवला त्याला माणसांविषयी काहीतरी बोलायचं होतं आणि पाखराच्या आडून बोलला, एवढंच. मात्र घरात कुणी गरोदर असेल तर मोरीचं (शार्कचं) आंबटतीक आणि मोठा इसवण (सुरमई) थोडे महिने कमी करा. पारा मोठ्या शिकारी मासळीत साठतो. बांगडे-तारले खुशाल खा.

प्रश्न : मोरजीला आमची खोली-भाड्याची जागा किनाऱ्याला लागून आहे. कासवांच्या पिल्लांसाठी दिवे बंद करा म्हणतात. दिवा हे काय प्रदूषण झालं? धूर नाही, घाण नाही.
मोरजी, पेडणे

उत्तर : कासवाच्या पिल्लाला आयुष्यात पहिला निर्णय घ्यायचा असतो तो समुद्र कुठे आहे हा. वाळू थंड झाली की ती रात्री वर येतात आणि क्षितिजालगत जिथे जास्त उजेड, तिकडे चालू लागतात. लाखो वर्षं तो उजेड पाण्याचाच होता. आता तो तुमच्या गच्चीवरचा आहे. अंगात अंड्यातल्या बलकाची जेवढी शिदोरी उरलेली असते, ती पहिल्या रात्री खोल पाण्यात पोचण्यासाठी असते. वाळूतल्या टेबलांखाली फिरून संपली की मग कुत्री, खेकडे, सकाळी कावळे. मेंदूत बिघाड नाही, विष नाही, पण जन्मल्या जन्मल्या चुकीची खूण मिळाली तर परिणाम तोच.

पूर्ण अंधार जमत नसेल तर समुद्राकडे तोंड असलेले पांढरे-निळे दिवे काढा, खाली वळलेले, झाकलेले, पिवळट-तांबूस दिवे लावा. त्या रंगाकडे ती कमी ओढली जातात. पिल्लं दिसली तर मोबाईलचा टॉर्च मारू नका, बादलीत गोळा करू नका. वन खात्याची माणसं हंगामात किनाऱ्यावर असतात, त्यांना बोलवा. मांद्रे, आगोंद आणि गालजीबागच्या वाचकांनाही हेच.

प्रश्न : तुम्ही लोक फिरून फिरून खाणीवर येणार हे मला माहीत आहे. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या, परत २०१८ मध्ये. माझे ट्रक दारात गंजले, बँकेचे हप्ते कुणी भरले नाहीत. लाल पाण्यानं मासे वेडे होतात, हे तुम्ही सिद्ध करू शकता का?
एक ट्रकमालक, कुडचडे

उत्तर : नाही, सिद्ध करू शकत नाही, आणि तुमच्या हप्त्यांची थट्टा करायचीही इच्छा नाही. माझ्या माहेरीही दारात ट्रक होता.

पण प्रश्न चांगला आहे, म्हणून सिद्ध करायचं तर कसं, ते लिहिते. आपल्या लोहखनिजात मँगनीज असतं. रिवणकडे तर मँगनीजच्याच खाणी होत्या. मँगनीज शरीराला थोडं लागतंच. मोठा प्राणी जादा झालेलं पित्तावाटे बाहेर टाकतो. नवजात पिल्लाची ही मोरी अजून नीट वाहत नसते, म्हणून ते मेंदूत साठू शकतं. वर सांगितलेल्या बर्गर-गॉकफेल्ड जोडीनं १९९५ साली कुरवाच्या पिल्लांना मँगनीज देऊनही पाहिलं होतं, आणि वाढीवर, तोलावर, ओळखण्यावर परिणाम दिसले. एवढ्यावरून कुणी उठून "झुआरी नदीतला शेवटो मासा वेडा झाला" म्हणेल, तर तो तुमच्या रागाला पात्र आहे.

नीट काम न्यू जर्सीतल्याच ज्युडिथ वाइस यांनी केलंय. पारा आणि इतर धातूंनी बरबटलेल्या पाइल्स क्रीक नावाच्या खाडीतले छोटे किलिफिश भक्ष्य पकडण्यात ढिले होते. प्रश्न हाच, की मुळातच ढिली जात आहे की पाण्यानं झालंय? त्यांनी स्वच्छ ठिकाणचे मासे आणून त्या खाडीचा गाळ, पाणी आणि तिथलंच खाणं दिलं. काही आठवड्यांत तेही ढिले झाले. असं काम इथं करायचं तर एकाच आईबापाची अंडी घ्यायची, निम्मी खाणीखालच्या पाण्यात वाढवायची, निम्मी वरच्या अंगाच्या पाण्यात, आणि मोठी झाल्यावर दोघांना एकाच स्वच्छ टाकीत घालून पाहायचं. निकाल तुमच्या बाजूनं लागला तर याच जागी मी तो छापीन. गाळानं गढूळ पाण्यात नजरेनं शिकार करणाऱ्या माशाला दिसतं कमी, ते मात्र कुठल्याही धातूशिवाय होतं, त्याला प्रयोगशाळा लागत नाही.

तोवर एक मागणं: ताडपत्री नीट बांधा. ती धूळ रस्त्याकडेच्या घरांतल्या रांगत्या पोरांच्याही हाताला लागते.

प्रश्न : धूळ पोटात गेली की गूळ खावा म्हणतात. कुत्र्याच्या पिल्लाला रोज गूळ दिला तर चालेल का?
डिचोली

उत्तर : गुळानं धातू उतरत नाही. पिल्लाला वेळेवर जेवू घाला. रिकाम्या पोटी शिसं जास्त शोषलं जातं. गूळ तुम्ही खा.